कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो नेमका कुठे अडतो ते पाहा

"कॉम्प्युटर चालूच होत नाही" या एका तक्रारीखाली चार वेगवेगळी दुखणी येतात. बटण दाबल्यावर अजिबात हालचाल नसणं हे पहिलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, हे दुसरं. कंपनीचं चिन्ह उमटतं आणि गाडी तिथेच अडते किंवा डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो, हे तिसरं. विंडोज सुरू व्हायला लागतं पण डेस्कटॉपपर्यंत पोचत नाही, हे चौथं. या चारांची कारणं एकमेकांत क्वचितच मिसळतात. पहिल्या दुखण्यात विंडोज पुन्हा टाकून काहीच उपयोग नसतो, आणि चौथ्यात एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदलणं म्हणजे बहुधा पैसे पाण्यात. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आपलं दुखणं यातलं कोणतं, ते ठरवा.

दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारा: शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं? टेबल हलवलं, आतली धूळ काढली, नवी रॅम बसवली, अपडेट अर्धवट असताना वीज गेली, नवा प्रिंटर जोडला. यातलं काही घडलं असेल तर शोध तिथूनच सुरू करा. आणि एका वेळी एकच बदल करून पाहा. रॅम, केबल आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कधीच कळत नाही, आणि महिनाभराने तोच त्रास पुन्हा दारात उभा राहतो.

कॅबिनेट उघडायचं असेल तर वायर प्लगमधून काढा, मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा म्हणजे मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डावर) उरलेला विद्युतभार निघून जातो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज रॅमला आणि प्रोसेसरला मारक असते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

बटण दाबलं, काहीच नाही

सॉकेटमध्ये आधी दुसरं काहीतरी लावून पाहा, म्हणजे वीज येते की नाही ते कळेल. यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो वगळून वायर थेट भिंतीत लावा. एसएमपीएसच्या मागच्या बाजूचा छोटा खटका शून्याच्या बाजूला नाही ना, हेही बघा. साफसफाईत तो नकळत दाबला जातो. पॉवरची वायर संशयास्पद वाटली तर मॉनिटरची काढून लावा, बहुतेक वेळा दोन्हींचा प्लग सारखाच असतो.

वीज मदरबोर्डपर्यंत पोचते का, हे बऱ्याच बोर्डांवरचा एक बारीक दिवा सांगतो. कॉम्प्युटर बंद असतानाही तो लागलेला असेल तर एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू आहे, आणि संशयाची सुई बटणाकडे वळते. कॅबिनेटच्या बटणाची वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर येते. बोर्डाच्या पुस्तिकेत पॉवर स्विचच्या दोन पिना कोणत्या ते पाहा, तिथला छोटा प्लग काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडा. कॉम्प्युटर सुरू झाला तर दोष फक्त बटणात आहे. तेवढ्यापुरती रिसेटच्या बटणाची वायर त्या पिनांवर लावली की काम भागतं.

तरीही शुकशुकाट असेल तर एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासा. वायर प्लगमधून काढलेली ठेवा आणि एसएमपीएसच्या सगळ्या जोडण्या मदरबोर्ड, डिस्क व ग्राफिक्स कार्डवरून सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती पिन आणि शेजारची कोणतीही काळी पिन कागदाच्या क्लिपने जोडा, एक केस फॅन भार म्हणून लावा आणि मग वीज सुरू करा. सगळ्या वायरी काळ्या असलेल्या एसएमपीएसमध्ये रंगावर विसंबू नका. हिरव्या वायरची, म्हणजे १६ व्या क्रमांकाची, पिन कोणती ते आकृतीवरून पक्कं करा. मल्टीमीटर असेल तर १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टवर ३.१४ ते ३.४७ यांच्यामध्ये आकडा यायला हवा.

या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवा. काही एसएमपीएस कमी भारावर स्वतःचा पंखा फिरवतच नाहीत, त्यामुळे पंखा थांबलेला म्हणजे एसएमपीएस मेला असं नाही. उलट, मोकळ्यावर आकडे बरोबर देणारा एसएमपीएस प्रोसेसर आणि कार्डाचा भार आल्यावर कोसळू शकतो. खात्री करायची असेल तर चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच उपाय. तो मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या केबलच वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉड्युलर केबल दिसायला सारख्या असल्या तरी आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि चुकीच्या केबलने डिस्क क्षणात जळते.

सुरू होतो आणि लगेच बंद पडतो

हा प्रकार पहिल्या आणि दुसऱ्या दुखण्यांच्या मधला. चार-पाच सेकंदांनी हमखास बंद होत असेल तर पहिला संशय बटणावर घ्या. पॉवरचं बटण सुमारे चार सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड वीज तोडतो; बटण आत अडकून राहिलं असेल तर नेमकं तेच होतं. त्याची वायर काढून पिनांवरून सुरू करून बघा.

क्षणभर पंखा हलून थांबत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट सर्किट आहे. मदरबोर्डखाली सुटून पडलेला स्क्रू, चुकीच्या जागी लागलेला पितळी स्टँड-ऑफ (मदरबोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब), समोरच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिन, फुगलेला किंवा गळलेला कपॅसिटर, ही नेहमीची ठिकाणं. समोरच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरून सोडवून पाहणं सगळ्यात सोपं, म्हणून तिथून सुरुवात करा.

थोडा वेळ चालून, अर्ध्या-एक मिनिटाने बंद पडत असेल तर बहुधा प्रोसेसर तापतोय. कूलरचा पंखा फिरतो का, प्लास्टिकच्या चारही खुंट्या बोर्डात घट्ट बसल्यात का, ते बघा. चारपैकी एक जरी सुटली तरी हीटसिंक (कूलरचा धातूचा ठोकळा) तिरका होतो आणि प्रोसेसरला नीट टेकत नाही. कूलर काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पूर्ण पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा. आजकालचे बरेच बोर्ड कूलरचा पंखा ठरलेल्या कनेक्टरवर सापडला नाही तर तसा इशारा देऊन थांबतात, तेव्हा पंख्याची वायर सीपीयू फॅनच्याच (प्रोसेसरच्या पंख्याच्या) पिनांवर आहे ना, हेही पाहा.

पंखे फिरतात, पडदा मात्र काळा

सगळ्यात जास्त गोंधळ याच दुखण्यात होतो, आणि सगळ्यात जास्त चांगले भाग इथेच उगाच फेकले जातात.

एक मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा दाबाल तसा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून जिवंत आहे, फक्त चित्र पडद्यापर्यंत पोचत नाही. मग केबल, मॉनिटरचा निवडलेला इनपुट आणि ग्राफिक्स कार्ड एवढंच तपासायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली केबल अनेकदा मुकी राहते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असतो त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच, आणि रायझनच्या ७००० मालिकेआधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपैकी 'जी' नसलेल्यांतही नसतं.

कॅप्स लॉकचा दिवा हलत नसेल तर सुरुवातीची तपासणीच पूर्ण होत नाहीये. मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) अशी नावं लिहिलेले चार छोटे दिवे असतील तर काम सोपं झालं: ज्याचा दिवा लागून राहतो तिथे अडलंय. दिवे नसतील पण बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बीप मोजा. बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे इकडचा तक्ता तिकडे लावू नका, आपल्याच बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. पण थांबून थांबून येणारे सलग बीप बऱ्याचदा रॅमचे असतात.

सीपीयूचा दिवा लागला तर आधी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर पाहा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर लावून हा राहून गेला की पंखे झोकात फिरतात आणि बाकी काहीच होत नाही. ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा कनेक्टर जवळपास तसाच दिसतो, पण तो ६ अधिक २ असा फुटतो आणि प्रोसेसरचा ४ अधिक ४. एकाच्या जागी दुसरा दाबून बसवू नका.

रॅमकडे मात्र सावकाश लक्ष द्या. सगळ्या पट्ट्या काढा. सोनेरी पट्टीवर काळपट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसून वाळू द्या. खोडरबराने घासायची पद्धत सर्वत्र आहे आणि तिने काम होतंही, पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवाच त्रास. अल्कोहोल मिळत असेल तर तेच वापरा. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवा. मग एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एका पट्टीसाठी हीच जागा सांगितलेली असते. पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, खटका टक् असा आवाज करून स्वतःहून बसायला हवा. हाताने ओढून बसवावा लागला तर पट्टी पूर्ण आत गेलेली नाही. एकेक पट्टी याच स्लॉटमध्ये फिरवून बघा. एकच पट्टी अडत असेल तर ती वाईट. सगळ्या एकाच स्लॉटमध्ये अडून दुसऱ्यात चालत असतील तर स्लॉट वाईट.

डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर एक गोष्ट माहीत नसली तर घात होतो. नवी रॅम लावल्यावर किंवा सेटिंग पुसल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची वेळ जुळवत बसतो. या काळात पडदा काळा राहतो, डीरॅमचा दिवा लागलेला असतो, कधी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. याला काही मिनिटं लागू शकतात. पंधरा मिनिटं हात न लावता थांबा. अधीर होऊन बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

रॅम ठीक असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवा. काढताना स्लॉटच्या टोकाचा खटका दाबायला विसरू नका, तो मोडतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड बाहेरच ठेवून मॉनिटर मदरबोर्डला जोडून पाहा.

एवढं करूनही काही नसेल तर बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा. पण जरा थांबा: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर सेटिंग पुसल्यानंतर डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. नव्या लॅपटॉप आणि डेस्कटॉपवर हे एन्क्रिप्शन कोणी मुद्दाम सुरू न करताही चालू असू शकतं. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून खात्यात शिरून ती आधी लिहून घ्या. मग वायर काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना दहा सेकंद जोडा, किंवा गोल सेल पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा. हा सेल सीआर२०३२ प्रकारचा, ३ व्होल्टचा असतो. मल्टीमीटरवर २.७ च्या खाली आला असेल तर बदला. प्रत्येक वेळी तारीख मागे जाणं किंवा बायोसच्या सेटिंग आपोआप बदलणं ही त्याची लक्षणं.

शेवटची पायरी म्हणजे सगळं सोडवून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर सुरू करणं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लागेल. बोर्ड कॅबिनेटबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. बाहेर चालला आणि आत चालला नाही तर कॅबिनेटमध्ये कुठेतरी तो टेकतोय. बाहेरही चालला नाही तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर, आणि पर्यायी भाग हाताशी असल्याशिवाय यापुढे घरी निदान होत नाही.

चिन्ह दिसतं, पुढे काही नाही

पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क, प्रिंटर, सगळं काढा. कीबोर्ड आणि माउस ठेवा. विसरून लावलेला पेनड्राइव्ह हे "बूट डिव्हाइस सापडत नाही" या संदेशाचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मग सुरू होताना डिलीट किंवा एफ२ टिचकत राहा, बायोस उघडेल. इथे एकच गोष्ट बघायची: डिस्कचं नाव दिसतं का? दिसत असेल तर बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आणा. सीमॉस पुसला किंवा सेल संपला असेल तर साटाची, म्हणजे डिस्क जोडणीची, पद्धत एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी यांत बदललेली असू शकते; विंडोज टाकताना जी होती तीच परत लावा. जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये टाकलेलं विंडोज यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या, मोडमध्ये बूट होत नाही, आणि उलटही तसंच.

डिस्क दिसतच नसेल तर साटाची केबल आणि पोर्ट बदला, एम.२ डिस्क (थेट मदरबोर्डवर बसणारी, पट्टीसारखी) असेल तर स्क्रू सोडून काढून पुन्हा बसवा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा स्लॉट वापरला की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात, हे नवी डिस्क लावल्यावर जुनी गायब होण्यामागचं कारण असतं. हार्डडिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर तिची वीज लगेच तोडा. आतलं हेड पुन्हा पुन्हा धडकतंय, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर परत मिळू शकणारी माहिती कमी होत जाते. माहिती महत्त्वाची असेल तर ती डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

विंडोज अर्ध्यावर अडतं

दुरुस्तीआधी फाइली वाचवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करा, १६ जीबीचा पुरतो. त्यावरून "ट्राय" या पर्यायाने सुरू करा, इन्स्टॉल दाबू नका, आणि हव्या त्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते, पण आपल्याला तेवढंच हवं असतं.

विंडोज सलग दोनदा अर्धवट पडलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. येत नसेल तर गोल फिरणारे ठिपके दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. पहिल्यांदा स्टार्टअप रिपेअर चालवा. ते अपयशी ठरलं तरी नुकसान काही नाही. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. तेही नाही जमलं तर सिस्टम रिस्टोर, म्हणजे विंडोज आधीच्या तारखेच्या स्थितीला नेणं.

बिघाडाची निळी (नव्या विंडोजमध्ये काळी) स्क्रीन क्षणभर दिसून मशीन पुन्हा सुरू होत असेल तर स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ९ दाबा, म्हणजे स्क्रीन थांबेल आणि त्यावरचा स्टॉप कोड (बिघाडाचं नाव) वाचता येईल. इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असेल तर डिस्क किंवा वर सांगितलेली साटाची सेटिंग. मेमरी मॅनेजमेंट असेल तर रॅम आधी तपासा. त्याच यादीत ४ म्हणजे सेफ मोड (विंडोज मोजक्याच गोष्टींवर सुरू करणं) आणि ५ म्हणजे नेटवर्कसह सेफ मोड. सेफ मोडमध्ये नीट चालत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये (एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किंवा सुरुवातीला चालणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून टाकणं हा तिथला पहिला उपाय.

चेकडिस्कचा (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या आज्ञेचा) मोह होतो, पण डिस्क आवाज करत असेल किंवा अतिशय मंद झाली असेल तर फाइली काढून घेतल्याशिवाय ती चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्‌तास वाचन-लेखन करणं तिच्या मुळावर येतं. दुरुस्तीच्या पडद्यातल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्राइव्हची अक्षरंही बदललेली असू शकतात, विंडोज असलेली सी तिथे डी म्हणून दिसते, तेव्हा आधी यादी पाहूनच आज्ञा द्या.

हे सगळं थकलं तर रीसेट धिस पीसीमध्ये "कीप माय फाइल्स" निवडा. वैयक्तिक फाइली राहतात, टाकलेले प्रोग्राम मात्र सगळे जातात.

एक वेगळा प्रकार: शट डाउन करून सुरू केलं की काळा पडदा, पण रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमध्ये शट डाउन खऱ्या अर्थाने पूर्ण होत नाही, आतला गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो; रीस्टार्टमध्ये तो नव्याने उभा राहतो. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तर पूर्ण बंद होतं. त्याने फरक पडला तर पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप कायमचं काढून टाका.

लॅपटॉपलाही हाच क्रम लागू पडतो. अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त अ‍ॅडॉप्टरवर सुरू करा. पडदा काळा असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. त्यावर चित्र आलं तर दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे.

कॉम्प्युटर सुरू झाल्यावर त्याच दिवशी डिस्कचं स्मार्ट आरोग्य (डिस्क स्वतःच ठेवते ती नोंद) तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (खराब किंवा संशयास्पद जागांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ आली. रॅमसाठी मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवा, एकही चूक आली तर ती पट्टी बाद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसली तर तिचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन थांबलं. ती कारण सांगत नाही. ही नोंद असेल आणि तिच्या आसपास स्टॉप कोडची एकही नोंद नसेल, तर एसएमपीएस, तापमान आणि घरातली वीज यांच्याकडे आधी बघा.